किती घासलं तरी निघत नाही

केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी हसली की हात तोंडावर जायचा. पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे होते, मध्ये तपकिरी डाग. आजीचं निदान ठरलेलं होतं, पोरगी आळशी, दात घासत नाही. म्हणून आई रोज मीठ आणि कोळशाची पूड लावून स्वतः घासून द्यायची. हिरड्या सोलवटल्या होत्या.

"काहून निघत नाही जी मॅडम? पेस्टमध्ये फ्लोराइड असते म्हणतात, म्हणून दोन्ही लेकरांची पेस्टच बंद केली."

दुसरं लेकरू दोन वर्षांचा बाबू. माझं लक्ष खरं तर त्याच्याकडे होतं.

आधी मुलीला ऐकू जाईल असं सांगितलं की हे डाग वरून चढलेले नाहीत. पुढचे कायमचे दात हिरडीच्या आत तयार होतात, आणि त्यांचं कवच जन्मानंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत घडतं. त्या काळात पोटात जास्त फ्लोराइड (खडकांतून जमिनीखालच्या पाण्यात उतरणारा क्षार) गेलं की कवच कच्चं राहतं. दात उगवतात तेच डाग घेऊन. मुलीने आईकडे पाहिलं. आई गप्प.

मग पाण्याचा विषय काढला. मुलीच्या जन्माआधी घराशेजारी बोअर मारली होती, गोड पाणी म्हणून घरादाराला तिचा अभिमान. बाबूसाठी तेच पाणी उकळून द्यायचे. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तसंच राहतं. पाणी आटलं तर उलट दाट होतं. तुरटी किंवा गाळणीनेही भागत नाही. चवीने तर ते ओळखूच येत नाही, म्हणून प्लास्टिकच्या बाटलीत नमुना घेऊन जिल्हा पाणी प्रयोगशाळेत पाठवायला सांगितलं. लिटरला 2.9 मिलिग्रॅम निघालं. भारतीय मानक 1 मिलिग्रॅमचं आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात.

वडील म्हणाले, "एवढा खर्च करून मारलेली बोअर बुजवू का?" बुजवायची कशाला? आंघोळ, धुणीभांडी त्याच पाण्यावर होऊ द्या. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी तेवढं बदला. शेतातल्या जुन्या विहिरीचा नमुना 0.6 आला. उघडी विहीर, म्हणून क्लोरीनचं औषध टाकणं आलंच. सकाळचा कोरा चहाही मुलांचा बंद केला, कारण चहापत्तीतही फ्लोराइड असतं. हा मुद्दा आजीला पटायला सगळ्यात जड गेला.

पेस्टचं काय? ती दात किडण्यापासून वाचवते; बिघडतं ते गिळल्याने, आणि बाबू तर नळीच चाटायचा. पाणी बदलल्यावर दंतवैद्यांच्या सल्ल्याने दोघांची पेस्ट पुन्हा सुरू केली. बाबूला तांदळाच्या दाण्याएवढी, आईच्या हाताने, घासून झाल्यावर पुसून घ्यायची. ताईला वाटाण्याएवढी, आणि थुंकायची. तिचे डाग कमी करता येतात, पण ते दवाखान्यात.

सहा महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. मीठ-कोळसा बंद होता, हिरड्या भरल्या होत्या. हात मात्र अजून तोंडावर जात होता. निघताना तिने विचारलं, "बाबूचे मोठे दात कधी येतील?"

"सहाव्या-सातव्या वर्षी."

तिने बोटं मोजली. "मी तेव्हा आठवी-नववीत असेन. पाहीन."