हाताला मुंग्या येतात, म्हणजे पार्किन्सन वाढला का?

प्रश्न : बाबांना बऱ्याच वर्षांपासून पार्किन्सन आहे, उजवा हात थरथरतो ते सवयीचं झालंय. पण हल्ली रात्री त्याच हाताला मुंग्या येतात, झोपेतून उठून हात झटकत बसतात, आणि बटणं लावणं तर आधीपेक्षा अवघड झालंय. मधूनच कमरेपासून पायात कळ जाते ते वेगळंच. आजार वाढला असेल तर गोळीचा डोस वाढवून घ्यावा का?

उत्तर : थांबा, डोसची घाई नको. हात झटकतात हे लिहिलंत ते बरं केलंत, कारण मनगटात नस दबली की पेशंट नेमकं हेच करतो, आणि पार्किन्सन असला की घरच्यांचंच काय, कधीकधी डॉक्टरांचंही तिकडे लक्ष जात नाही, सगळं त्या एका आजाराच्या नावावर जमा होतं.

बाबांना विचारा, बोटं नक्की कुठली? अंगठा, त्याच्या शेजारची दोन आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल आणि करंगळी ठीक असेल तर कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात नस दबल्याचा, संशय घ्यायचा. करंगळीच बधिर होत असेल तर कोपर बघा, खुर्चीच्या हातावर कोपर टेकवून तासन्‌तास एकाच पोझमध्ये बसणं या आजारात फार होतं आणि तिथली नस अगदी कातडीखालून जाते. दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग एका बाजूला बसलेला दिसतोय का तेही बघा, दिसला तर उशीर करू नका.

आता गोची अशी की गोळीचा असर उतरला की पार्किन्सनमध्येही मुंग्या, दुखणं येऊ शकतं, आणि रात्री तर दोन डोसमध्ये मोठी गॅप असते, म्हणून नुसतं 'रात्री होतं' यावरून काही ठरत नाही. गोळीची वेळ आणि मुंग्यांची वेळ लिहून ठेवा. गोळी लागू पडली की मुंग्याही जात असतील तर वेळापत्रकाबद्दल न्यूरोलॉजिस्टशी बोला, नाहीतर नसांची टेस्ट करून घ्या (थरथरीमुळे रीडिंगमध्ये अडथळा येतो, म्हणून गोळीचा असर चांगला असताना जावं). सोबत शुगर, थायरॉइड आणि बी१२. लेव्होडोपा (पार्किन्सनची नेहमीची गोळी) बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी१२ कमी सापडतं, मात्र त्याने बहुधा दोन्ही पाय तळव्यापासून बधिर होत जातात, ते नस दबणं नव्हे. आणि कुणी सांगितलं म्हणून बी कॉम्प्लेक्सच्या स्ट्राँग गोळ्या महिनोन्‌महिने देऊ नका, बी६ जास्त झालं तर त्यानेच नसा खराब होतात.

कार्पल टनेल निघालं तर आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट. ऑपरेशनची वेळ आलीच तर ते बहुतेकदा तेवढाच भाग बधिर करून होतं, पण त्याने मुंग्या कमी होतील, थरथर किंवा संथपणा नाही, हे बाबांना आधीच सांगा, नाहीतर बटणं पटापट लागतील अशी आशा धरून बसतील.

पायाचं म्हणाल तर वाकून चालण्याने कमरेवर ताण येतो आणि मणक्यात नस दबू शकते. पहाटे पोटरी आखडून पायाची बोटं वळत असतील तर तो डिस्टोनिया, म्हणजे स्नायू आपोआप आखडणं, त्याचा इलाज वेगळा. चालताना पाऊल लोंबायला लागलं तर लगेच दाखवा. जांघेत बधिरपणा आणि लघवी अडणं असं एकदम सुरू झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, लघवीचा त्रास पार्किन्सनमध्ये असतोच म्हणून घरी बसू नका.