पत्रात नाव नसलेला मुलगा

प्रश्न : मी फोंड्याचा, सरकारी खात्यातून निवृत्त. मुलगी गोवा विद्यापीठात एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, 71 टक्के आहेत. अकरावीतल्या धाकट्याला चार वर्षांपूर्वी रेटिनायटिस पिगमेंटोजा हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार निघाला, अंधार पडला की त्याला दिसत नाही. मुलीने यावर संशोधन करून भावाला बरं करावं, असं घरात ठरलं आहे. डोळ्यांच्या संशोधनाला अनुदान देणाऱ्या परदेशातल्या अकरा धर्मादाय संस्था मी शोधून ठेवल्या आहेत. अर्ज कसा लिहावा? मुलगी घरी राहूनच काम करील, गोव्याबाहेर पाठवायची नाही.

उत्तर : 'असं घरात ठरलं आहे' हे वाचून मी थांबलो. कोणी ठरवलं? पत्र चार पानी आहे, त्यात मुलीचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. तिला डोळ्यांवर काम करायचंय की समुद्रातल्या शेवाळावर, की तिला शिकवायला आवडतं, काहीच कळत नाही. भावाचे डोळे मात्र तिच्या पदरात टाकून तुम्ही मोकळे झालात. प्रयोग फसतात, महिनोन्महिने फसतात. तसं झालं की रोज रात्री भावासमोर जेवायला बसताना तिला काय वाटेल, याचा विचार केलात?

आणि हा आजार एका मुलीच्या जिद्दीवर सुटणारा नाही. त्यामागे 80हून अधिक जनुकं सापडली आहेत. 2017 साली अमेरिकेत मान्यता मिळालेली लक्सटर्ना ही जनुकोपचार पद्धत त्यांतल्या आरपीई65 या एकाच जनुकाच्या दोषावर चालते, तीही पडद्यावर पुरेशा जिवंत पेशी उरल्या असतील तरच. तुमच्या मुलात दोष कोणत्या जनुकात आहे, हे तपासलंय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही.

आता तुमच्या अकरा संस्था. अनुदान म्हणजे शिष्यवृत्ती, हुशार मुलाने फॉर्म भरला की पैसे खात्यात, असा तुमचा समज दिसतो. तसं नसतं. अशा संस्था सहसा विद्यापीठात, इस्पितळात किंवा संशोधन संस्थेत पदावर असलेल्या संशोधकाला पैसे देतात. अर्जावर त्या संस्थेची सही लागते, पैसे तिच्याच खात्यात येतात. रुग्णांवर काम असेल तर नैतिकता समितीची मंजुरी हवी. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए कायदाही आडवा येतो. अर्जात नेमका प्रश्न, आधी हाती आलेले निष्कर्ष, पै-पैचा हिशेब आणि सामान्य माणसाला कळेल असा गोषवारा लागतो, मग त्या विषयातले बाहेरचे तज्ज्ञ तो पिंजून काढतात. फोंड्यातल्या घराच्या पत्त्यावरून केलेला अर्ज तिथवर पोचायचाच नाही. वेलकम ट्रस्ट ही ब्रिटनमधली धर्मादाय संस्था आणि आपल्या केंद्र सरकारचं जैवतंत्रज्ञान खातं मिळून 2008पासून फेलोशिप देतात, पण तीही मुख्यतः पीएच.डी. संपत आलेल्यांसाठी किंवा झालेल्यांसाठी.

मुलीला खरोखरच या वाटेला जायचं असेल तर नेट-जेआरएफ ही संशोधनवृत्तीची परीक्षा द्यावी (महिना 37,000 रुपये आणि घरभाडं) आणि पीएच.डी. करावी. डोळ्यांवरच करायची तर हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय. तिघंही गोव्याबाहेर. 'बाहेर पाठवायची नाही' आणि 'संशोधन करावं' ही दोन वाक्यं एका पत्रात बसत नाहीत, त्यातलं एक खोडा.

मला खरी काळजी मुलाची वाटते. चार पानांत त्याचं नाव एकदाही आलेलं नाही, 'धाकटा' आणि 'तो बिचारा' एवढंच. बहीण औषध शोधेपर्यंत तो काय करणार, नुसता बसून राहणार? या आजारात नजर कडेकडेने आक्रसत जाते. म्हणून फळ्यावरचं वाचता येणाऱ्या मुलालाही अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं, कारण दृष्टीचा घेर किती उरलाय हेही मोजतात. फळा दिसतो म्हणून तुम्ही अर्जच केला नसेल, असा माझा संशय आहे. बांबोळीला गोवा मेडिकलमध्ये चौकशी करा. प्रमाणपत्र 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं निघालं तर बारावीला जादा वेळ आणि लेखनिक मागता येईल. संगणकावर एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते तो आत्ताच शिकू दे, अजून दिसतंय तोवर. कॉमर्स, कायदा, बँकेच्या परीक्षा, सगळं त्याला खुलं आहे.

पुढचं पत्र मुलीने लिहावं, आणि ते तुम्ही आधी वाचू नये. धाकट्यालाही माझ्याशी बोलायचं असेल तर त्याने लिहावं, टाइप करून चालेल.