एमडीएफची धूळ आणि फॉर्माल्डिहाइड

प्रश्न : एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली फळी) कापताना एन-९५ मास्क लावतो, तरी डोळे चुरचुरतात, छाती भरते. का?

उत्तर : एन-९५ धूळ अडवतो, वाफ नाही. एमडीएफच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड हा झोंबणारा वायू सुटतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून एरवी बराचसा नाकातच शोषला जातो. पण सँडिंगच्या (घासकामाच्या) पिठासारख्या धुळीत तोच गोंद असतो. मास्कच्या फटीतून आत आलेले ४-५ मायक्रॉनखालचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण नाक चुकवून थेट फुप्फुसात खोलवर उतरतात आणि चिकटलेला फॉर्माल्डिहाइड तिथे सोडू शकतात. धूळ यंत्रापाशीच ओढून घ्या. कोरडा झाडू तर नकोच. फॉर्माल्डिहाइडसाठीचं कार्ट्रिज (वायू धरणारी डबी) आणि त्यावर धुळीचा फिल्टर, असा अर्धमुखी (नाक-तोंड झाकणारा) मास्क घ्या. कार्ट्रिजमधला साधा कोळसा हा वायू नीट धरत नाही. दाढीमुळे मास्कला फट राहते. मास्कच्या आत वास आला की कार्ट्रिज लगेच बदला.