लेण्यांतला अंधार आणि लेन्सवरची बुरशी

प्रश्न : माझ्याकडे एपीएस-सी (छोट्या सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-५५ एमएमची किट लेन्स आहे. अजिंठ्यात फोटो हलतात. ५० एमएम एफ/१.८ लेन्स घेऊ का?
– एक वाचक, सिल्लोड

उत्तर : लेण्यांत ५० नको. तुमच्या छोट्या सेन्सरवर ती फुल-फ्रेम कॅमेऱ्यातल्या सुमारे ७५-८० एमएमसारखी दिसते, म्हणजे चौकटीत दृश्य कमी मावतं. मागे सरकायला भिंत आडवी येते. ३५ एमएम एफ/१.८ घ्या. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं: किट लेन्स ५५ वर एफ/५.६ देते, एफ/१.८ वर त्याच्या जवळपास दहापट प्रकाश येतो. चित्रांजवळ फ्लॅशला बंदी आहे, ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तोवर किट लेन्स १८ वर, एफ/३.५, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, स्थिरीकरण चालू, शटर १/१५ सेकंद. कोपरे बरगड्यांना टेकवून तीन-चार फोटो सलग काढा, एखादा तरी स्थिर निघतो. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, दिव्यांचा पिवळेपणा नंतर काढता येतो. यूव्ही फिल्टर मात्र काढून ठेवा. दिव्याचं भूत, म्हणजे फोटोत उमटणारी दिव्याची पुसट प्रतिमा, बहुतेकदा त्यातूनच येते.

प्रश्न : पावसाळ्यानंतर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. पुसू का?
– एक वाचिका, नांदेड

उत्तर : ती बुरशी आहे आणि आतल्या काचेवर आहे; बाहेरून पुसून जाणार नाही. घरी लेन्स उघडू नका, काचा पुन्हा केंद्रात बसत नाहीत. लवकर दुरुस्तीला द्या, बुरशी कोटिंग (काचेवरचा पातळ थर) खाते. पुढे चामडी पाकीट टाळा, ते ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, त्यात १०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा.