घोडा कुणाचा?

वडोदरा

चि. मुली, आशीर्वाद.

परवा फोनवर तुझा आवाज पडला होता. "काका, ते सरदार नव्हतेच हो. आता घरी काय सांगू?" मी हसलो, ते तुला लागलं असणार. पण खापरपणजोबांचं नाव असलेला पागेचा हजेरीपट हाती लागलाय आणि तू सुतकात बसल्यासारखी बोलतेस!

तू काढलेला त्या हजेरीपटाचा फोटो भिंग लावून चारदा पाहिला. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि खाली शब्द न तोडता लिहीत सुटायचं, म्हणून तू अडखळलीस. पण शब्द 'बारगीर'च आहे. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. पुढे घोड्याचा रंग कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी, आणि दरमहा सात रुपये बाबाशाही. बाबाशाही म्हणजे आपल्या बडोद्याचं नाणं, इंग्रजी रुपयाहून कमी मोलाचं. तेव्हा ते सातही पुरते सात नव्हेत. एवढं कागद म्हणतो. तेवढंच लिही.

आता आजीची गोष्ट, 'छप्पनच्या दुष्काळात घोडा गेला.' तू वहीत १८५६ टिपून ठेवलंस. अगं, गुजरातेत जन्मून छप्पनियो ठाऊक नाही? तो विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा. चाऱ्यापाण्यावाचून गुरं पटापट मेली त्या साली. घोडा गेलाही असेल. पण गेल्याचा कागद नाही, आणि तो त्यांचा तर नव्हताच. 'आजी सांगत असे' म्हणून लिही आणि पुढे हो. आजीला खोटं पाडू नकोस, पण आजीचा कागदही करू नकोस.

पणजोबांच्या जन्मतारखेचं तेच. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, म्हणून बारगिराच्या पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरात सापडतं. तारीख १ जून. ती आईनं सांगितलेली की मास्तरांनी घातलेली, कोण जाणे. 'रजिस्टरप्रमाणे' एवढंच लिही.

मी इतका का चिडतो, विचारशील. आमच्या कुळवृत्तांताचं काम माझ्याकडे होतं. कागदात 'बारगीर' वाचलं आणि 'शिलेदार' छापलं. वडील ऐंशीचे, अंथरुणावर, रोज विचारायचे, "झालं का रे पुस्तक?" त्यांना काय सांगणार होतो? एका घोड्याचा तर फरक! माझ्या जागी दुसऱ्यानंही तेच केलं असतं, असं अजून वाटतं. दोनशे प्रती निघाल्या. मग एका लग्नपत्रिकेवर 'शिलेदार घराणे' आलं, आता पुतण्याच्या दारावर पाटी आहे, तलवारीच्या चित्रासकट. चूक सांगायला गेलो तर म्हणतो, "काका, छापलेलं आहे."

आणि त्या घोड्यापायी काय निसटलं ते ऐक. ट्रंकेत एक कर्जरोखा होता. त्यात आमच्या त्या बारगिराच्या बायकोचं नाव, पुढे 'कोम' आणि नवऱ्याचं नाव. अमक्याची बायको, असा त्याचा अर्थ. तिनं हातातल्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. आमच्या घराण्यातल्या त्या काळच्या बाईचं नाव मी फक्त तेवढ्यात पाहिलं. तेव्हा मी सरदार शोधत होतो, रोखा उतरवून घेतला नाही. पुढे घर विकलं तेव्हा ट्रंक रद्दीत गेली. नाव आठवत नाही. 'स'नं सुरू होणारं होतं, बहुतेक. बघ, हे 'बहुतेक'सुद्धा मी आता लिहू नये.

तुझ्या कागदात जे आहे ते कागद म्हणतो तसंच लिही, बाई. घरच्यांना वाईट वाटलं तर माझ्याकडे पाठव.

रविवारी सकाळी ये, चहा इथेच घे. येण्याआधी दफ्तरात जाऊन पुन्हा फोटो काढ, पान सपाट धरून. या वेळी उजवी कड कापू नकोस. 'बिन' एवढंच दिसतंय, त्याच्या पुढचं बापाचं नाव तुझ्या अंगठ्याखाली गेलंय.

तुझा,
काका