1620 साली इंग्लंडहून अमेरिकेत वसाहतकरी नेणाऱ्या मेफ्लॉवर जहाजावरच्या जॉन हाउलंडची बायको एलिझाबेथ ही, आमच्या वंशावळीत लिहिल्याप्रमाणे, प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याची नात होती का? दोघांची घराणी इंग्लंडमध्ये कुठली?

नाही, एलिझाबेथ ही कार्व्हरची नात नव्हे, तर त्याच जहाजावरून आलेल्या जॉन टिलीची मुलगी. तुमच्या वंशावळीतली चूक फार जुनी आहे, अगदी हाउलंडच्या स्मारकशिलेवरही ती कोरली गेली होती. विल्यम ब्रॅडफर्ड या प्लिमथच्या गव्हर्नरचे हरवलेले हस्तलिखित लंडनच्या फुलहॅम पॅलेसच्या ग्रंथालयात सापडले आणि 1856 साली छापले गेले, तेव्हा ती उघडी पडली. त्यात 1620 च्या प्रवाशांची यादी आहे आणि 1650 च्या सुमारास कोणाची किती मुले हयात होती, तेही आहे. हाउलंड दांपत्याची दहा, सगळी हयात! एलिझाबेथचे आईवडील मात्र पहिल्याच हिवाळ्यात गेले.

इंग्लंडमधला धागा चर्चच्या नोंदवह्यांत मिळतो. एलिझाबेथचा बाप्तिस्मा 1607 मध्ये बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावात झाला. हाउलंड हंटिंग्डनशरमधल्या फेनस्टँटनचा. पुढच्या पिढ्यांसाठी 1897 साली स्थापन झालेल्या मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने काढलेले, पाच पिढ्यांपर्यंतचे खंड वापरा. छापील जुन्या कुळकथांपेक्षा ते कितीतरी भरवशाचे आहेत.

तारखा उतरवताना एक मात्र सांभाळा. 1752 पूर्वी इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे हाउलंडच्या मृत्यूचा फेब्रुवारी कुठे 1672, कुठे 1673 दिसेल. दोन्ही एकच.