हिमाचलच्या सहलीत रात्रीचं जेवण पॅकेजमध्ये घ्यावं का?

प्रश्न: मे महिन्यात आम्ही पाच जण शिमला-मनालीला चाललो आहोत: मी, नवरा, १३ आणि ८ वर्षांची मुलं आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांना मधुमेह आहे. शिमल्याला २ रात्री, मनालीला ४ आणि परतताना चंदीगडला १. सहलीसाठी १,६०,००० रुपये साठवले आहेत. विमान, गाडी आणि नाश्त्यासह हॉटेल धरून १,३५,००० होतात. सातही रात्रींचं जेवण हवं असेल तर एजंट आणखी २१,००० मागतोय. नवरा म्हणतो, घेऊन टाक, कटकट मिटेल. मला तिथलं स्थानिक जेवण खायचंय, पण खर्च हाताबाहेर जाईल अशी भीती वाटते. कमी पडले तर क्रेडिट कार्डावर हप्ते करावेत का? – सिंहगड रोड, पुणे

उत्तर: ताई, सातही रात्रींचं जेवण घेऊ नका. फक्त दोन रात्रींचं घ्या. कोणत्या दोन, ते सांगतो, पण आधी हातातल्या पैशांकडे बघू.

पॅकेज भरल्यावर तुमच्याकडे २५,००० उरतात. त्यातले २१,००० रात्रीच्या जेवणाला गेले की राहतात ४,०००. आणि दुपारचं जेवण? एजंटच्या कागदावर ते कुठेच नाही. सहलीचं बजेट बहुतेक घरांत इथेच फुटतं, कारण ‘जेवणाचे पैसे भरलेत’ असं डोक्यात बसलेलं असतं. साध्या ढाब्यावर राजमा-चावल, पराठे, दही असं पाच जणांचं १,००० रुपये धरलं तरी सात दुपारींचे ७,००० होतात. म्हणजे घर सोडण्याआधीच ३,००० कमी पडतात. क्रेडिट कार्डाचा विचार तुमच्या मनात आला तो यामुळेच.

आता दुसरा हिशोब. एजंटचा दर रात्रीला ३,००० पडतो. दोन रात्री हॉटेलात जेवलात तर ६,०००. उरलेल्या पाचपैकी चार रात्री बाहेर साधं जेवण, पाच जणांचे १,३०० धरून ५,२००. एक रात्र जरा मोठ्या ठिकाणी, २,५००. एकूण १३,७००. दुपारचे ७,००० मिळवले की २०,७००. चहा, मॅगी, बर्फातले भाड्याचे कपडे यांसाठी ४,३०० हातात राहतात आणि कार्डाला हात लावावा लागत नाही. कार्डावरच्या हप्त्यांवर व्याज लागतं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही. खाऊन संपलेल्या जेवणाचे हप्ते पुण्यात येऊन फेडत बसण्यात काहीच अर्थ नाही.

हॉटेलात जेवायच्या त्या दोन रात्री म्हणजे शिमल्याला पोहोचाल ती आणि मनालीला पोहोचाल ती. शिमला-मनाली हा घाटाचा प्रवास दिवसभराचा आहे. उतरल्यावर सासूबाईंना आणि धाकट्याला जेवायची जागा शोधत फिरायला लावू नका. त्या रात्रींपुरतं तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. चंदीगडला हॉटेलच्या आसपास खायला भरपूर मिळतं, तिथे आधी पैसे अडकवायची गरज नाही.

सासूबाईंच्या जेवणाची वेळ हा माझ्या दृष्टीने पैशांपेक्षा मोठा मुद्दा आहे. हॉटेलातला बुफे बऱ्याचदा रात्री आठनंतर सुरू होतो, बाहेर साडेसातला गरम पोळी-भाजी मिळू शकते. उलटंही होतं. मनालीहून अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला जाऊन परतताना मे महिन्यातल्या गर्दीत गाडी अडकली, तर बुफेची वेळ टळते आणि भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत.

आणि चवीचं काय? तुमची इच्छा मला मनापासून पटते. सिंहगडावर जाऊन कोणी पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सोडून पनीर बटर मसाला मागवत नाही. हॉटेलच्या बुफेत मात्र अनेकदा तेच पनीर, तीच दाल आणि मुलांसाठी नूडल्स असतात. कुलू-मनालीकडे सिड्डू मिळतो: गव्हाच्या आंबवलेल्या पिठात अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवलेला, वर तूप. दह्याच्या रश्शातला काबुली चण्यांचा मद्रा मिळाला तर जरूर घ्या. मासे खात असाल तर ती २,५०० ची रात्र ट्राउटसाठी ठेवा. मनालीच्या अलीकडे पतलीकूहलला या माशाचं सरकारी मत्स्यपालन केंद्र आहे. मासा मागवण्याआधी दर नगावर आहे की वजनावर, ते विचारा. आणि असं बाहेर जेवलात की तुमचे पैसे बऱ्याचदा तिथल्याच एखाद्या कुटुंबाच्या घरात जातात, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो द्यायची सक्ती नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. नम्रपणे काढायला सांगा. दोन-तीन हजार रोखही जवळ ठेवा, डोंगरात नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही.

पैसे भरण्यापूर्वी एजंटला दोन गोष्टी लेखी विचारा. फक्त दोन रात्रींचं जेवण घेता येईल का, आणि बाकीच्या दिवशी दुपारी कळवून हॉटेलात जेवण मिळेल का? आणि नकाशावर हॉटेल मॉल रोडपासून किती लांब आहे ते स्वतः बघा. मनालीतली बरीच हॉटेलं गावाबाहेर चढावर असतात. जेवायला जायचं-यायचं म्हणून रोज टॅक्सीला ६००-७०० जाणार असतील, तर मनालीच्या तीन रात्रींतच माझ्या हिशोबातले दोन हजार संपतील आणि अंधारात सासूबाईंची ये-जा होईल ती वेगळीच. तसं निघालं तर मनालीची आणखी एक रात्र हॉटेलातच जेवा, आणि सिड्डू, मद्रा दुपारी गावात फिरताना खा.